शिकागो: आई, मुलगा आणि मी – कुठे उतरावं, काय बघावं, कशाला जपावं?

मृदुला_नाशिक

नमस्कार मंडळी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याची शिकागोला परिषद आहे, मॅककॉर्मिक प्लेस नावाच्या ठिकाणी. त्याला धरून आम्ही सगळेच चाललो आहोत. पाच दिवस. सोबत आई (वय ६९, गुडघे कुरकुरतात, बीपीची गोळी चालू) आणि मुलगा (१२). नवरा सकाळी आठला बाहेर पडणार आणि संध्याकाळी सहानंतर मोकळा होणार. म्हणजे तीन दिवस आम्ही तिघंच शहरात. मी परदेशात याआधी फक्त सिंगापूर पाहिलंय, तेही टूर कंपनीबरोबर.

शिकागो म्हटलं की नात्यातला प्रत्येक जण पहिल्यांदा गोळीबाराचंच बोलतो. घरच्या ग्रुपवर रोज कुठला ना कुठला व्हिडिओ येतो. आई काही बोलत नाही, पण परवा विचारलं, "आपण हॉटेलातच बसायचं का गं दिवसभर?" तेव्हा वाटलं, तिथे राहणाऱ्यांनाच विचारावं.

माझे प्रश्न:

डाउनटाउनमधली हॉटेलं फार महाग आहेत. गारफिल्ड पार्क नावाच्या भागात एक अख्खा फ्लॅट निम्म्या पैशांत मिळतोय, "डाउनटाउन पंधरा मिनिटांवर" असं लिहिलंय. घ्यावा का? तो फोटोत फार छान दिसतो.

लोकल ट्रेननं आईला न्यावं का?

आईची एकच इच्छा आहे, स्वामी विवेकानंदांनी भाषण केलं ती जागा बघायची. मुलाला पाणबुडी आणि डायनोसॉर. मला काहीही चालेल, घाबरत फिरायला लागू नये एवढंच.

अनिल_ओकपार्क

मृदुला, तो फ्लॅट घेऊ नका. आधी हे सांगतो, बाकीचं नंतर.

मी २२ वर्षं ओक पार्कला राहतो. ग्रीन लाइन या लोकलनं रोज लूपमध्ये, म्हणजे डाउनटाउनच्या मधल्या भागात, कामाला जातो आणि ती गाडी गारफिल्ड पार्कमधूनच जाते. पंधरा मिनिटं हे खरं आहे. पण संध्याकाळी स्टेशनवर उतरून आईंना आणि मुलाला घेऊन पाच-सहा चौक चालायचे, काही घरं बंद, फळ्या ठोकलेली, कोपऱ्यावर घोळका, आणि तुम्हाला कुठल्या गल्लीत वळायचं ते माहीत नाही. तिथे राहणारी बहुतेक माणसं साधी, कष्टाची आहेत. पण या शहरातल्या गोळीबारांचा मोठा भाग पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या ठरावीक वस्त्यांत होतो आणि ती त्यातली एक आहे. नवख्या माणसाला कुठला चौक कसा आहे हे कळत नाही. वाचलेले पैसे नंतर रोज रात्री टॅक्सीत जातील.

आता घाबरवणाऱ्या व्हिडिओंबद्दल. शहराची वस्ती २७ लाखांच्या आसपास, अधिकृत विभाग ७७. २०२१ साली इथे जवळजवळ ८०० खून झाले, हे खोटं नाही. २०२४ मध्ये आकडा सहाशेच्या खाली आला. त्यातले फार थोडे तुम्ही जिथे फिरणार त्या भागातले असतात. तुमच्या वाट्याला आलंच काही तर ते फोन हिसकावणं, गाडीची काच फोडून बॅग नेणं, नाहीतर फसवाफसवी. त्यापासून कसं जपायचं ते शिकता येतं.

राहायला लूप, रिव्हर नॉर्थ, स्ट्रीटरव्हिल किंवा साउथ लूप. परिषद मॅककॉर्मिक प्लेसला आहे तर साउथ लूपमध्ये मिशिगन अव्हेन्यूच्या आसपास बघा. नवऱ्यालाही जवळ आणि तुम्हाला लेक मिशिगन या तळ्याकाठची म्युझियमं जवळ. लूपबद्दल एक लक्षात ठेवा. तो ऑफिसांचा भाग आहे, रात्री आठनंतर आणि रविवारी काही रस्ते अगदी ओस पडतात. ओस पडला म्हणजे धोकादायक असं नाही, पण आईंना भीती वाटेल. रिव्हर नॉर्थला उशिरापर्यंत माणसांची वर्दळ असते. जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो, हा मोठा फायदा आहे.

हॉटेलचा भाव बघताना वर १७ टक्क्यांहून जास्त कर लागतो तो धरा. बुकिंगच्या पहिल्या पानावर तो दिसत नाही.

विनया_नेपरव्हिल

अगं मृदुला, मी अठरा वर्षं इथे आहे आणि शहरात जाताना ट्रेनमध्ये पाऊल ठेवत नाही. आधी जायचे. गेल्या तीन-चार वर्षांत डब्यात सिगरेट-गांजाचा धूर, मोठमोठ्यानं ओरडणारी माणसं, सीटवर झोपलेले बेघर लोक हे इतकं पाहिलं की पुरे. आईंना घेऊन तर अजिबात नको. उबर करा, तिघांचं तिकीट आणि उबर यांत फरकही फार पडत नाही. आणि लूप सोडून दक्षिणेला जाऊच नका. पाणबुडीचं म्युझियम दक्षिणेला आहे, ते मुलाला यूट्यूबवर दाखवा.

ऋत्विज_ब्रॉन्झव्हिल

विनयाताई, तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही, पण शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही.

मी आयआयटीत शिकतो. इथलं इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. ते ब्रॉन्झव्हिलमध्ये आहे, म्हणजे साउथ साइडला. दोन वर्षं इथेच राहतो. "साउथ साइड" ही एक जागा नाहीच मुळी, ते अर्धं शहर आहे. त्यात चायनाटाउन येतं, हाइड पार्क येतं, शिकागो विद्यापीठ येतं. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर तिथे आयुष्यभर शिकवत होते, १९८३ चं नोबेल त्यांना तिथे असतानाच मिळालं. जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया २ डिसेंबर १९४२ ला त्याच विद्यापीठाच्या मैदानाच्या गॅलरीखाली झाली, आज तिथे हेन्री मूरचं शिल्प आहे. पाणबुडीचं म्युझियम हाइड पार्कच्या कडेलाच आहे. बारा वर्षांच्या मुलाला ते दाखवायचं नाही?

यू-५०५ ही खरी जर्मन पाणबुडी आहे, ४ जून १९४४ ला अमेरिकन नौदलानं समुद्रात पकडलेली. आत जायचं तिकीट वेगळं असतं, ते आधीच ऑनलाइन काढा, आयत्या वेळी संपतं. आणि इमारत स्वतः १८९३ च्या जागतिक प्रदर्शनातली आहे. मृदुलाताईंच्या आईंना हे सांगा: ज्या प्रदर्शनाच्या निमित्तानं धर्मपरिषद भरली, त्याच प्रदर्शनाचा हा उरलेला वाडा.

जायचं कसं? मिलेनियम स्टेशनवरून मेट्रा इलेक्ट्रिक. ही उपनगरी गाडी आहे, लोकलपेक्षा शांत आणि स्वच्छ. ५५-५६-५७ स्ट्रीटला उतरायचं, तिथून दहा मिनिटं चालत. आईंचे गुडघे बघता टॅक्सीनं गेलात तरी चालेल. दिवसा जा, दिवसा या. एवढंच.

लोकलबद्दल. इथे तिला "एल" म्हणतात. मी रोज बसतो. माझे नियम:

चालकाच्या लगतच्या, म्हणजे पहिल्या डब्यात बसायचं. रिकामा डबा दिसला तर हुरळून जाऊन चढायचं नाही, गर्दीच्या गाडीत एकच डबा रिकामा असेल तर त्याला कारण असतं. दाराजवळच्या सीटवर फोन हातात धरायचा नाही. कोणी मोठ्यानं बोलत असेल तर नजर मिळवायची नाही, पुढच्या स्टेशनवर उतरून डबा बदलायचा. दिवसा आणि संध्याकाळी गर्दी असेपर्यंत बिनधास्त, रात्री दहानंतर टॅक्सी. रेड आणि ब्लू लाइन रात्रभर चालतात, पण चालतात म्हणून तुम्ही बसलंच पाहिजे असं नाही.

ब्राउन लाइन मात्र चुकवू नका. लूपमध्ये ती दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून इमारतींच्या अगदी कुशीतून वळते. खिडकीशी बसवा आईंना. या शहरातला तो सगळ्यात स्वस्त नजारा आहे.

मीनल_जी

दाराजवळच्या फोनबद्दल ऋत्विजला शंभर वेळा अनुमोदन. माझा असाच गेला. दुपारचे तीन वाजले होते, डबा भरलेला होता. मी दाराशी उभी राहून नकाशा बघत होते. दारं मिटायच्या अगदी क्षणी एक हात आला, फोन गेला आणि दार बंद. तो प्लॅटफॉर्मवर, मी गाडीत. लागलं काही नाही, पण फोनमध्येच हॉटेलचा पत्ता, परतीचं तिकीट, नवऱ्याचा नंबर. मला नवऱ्याचा नंबर पाठ नव्हता! एका बाईनं तिचा फोन दिला तरी कोणाला लावायचा तेच कळेना.

तेव्हा एका कागदावर हॉटेलचं नाव-पत्ता, नवऱ्याचा नंबर, विम्याचा नंबर लिहून तिघांच्या खिशात ठेवा. मुलाकडून नंबर पाठ करून घ्या. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, त्याच्या पहिल्या पानाची प्रत पर्समध्ये. पासपोर्टच हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारताचा वाणिज्य दूतावास. तो शिकागोत डाउनटाउनलाच आहे, इतर शहरांसारखं दुसरीकडे धावावं लागत नाही.

आणि कोणी खरंच अडवून मागितलं तर देऊन टाका. फोन, पर्स, जे मागेल ते. आरडाओरडा नको, मागे पळणं नको. समोरच्याकडे पिस्तूल असू शकतं.

मृदुला_नाशिक

किती मनापासून लिहिताय सगळे. फ्लॅट सोडला. साउथ लूपमध्ये हॉटेल घेतलं, कर धरून पोटात गोळा आला, पण घेतलं.

आता एक नाजूक प्रश्न. आईचं मंगळसूत्र. बाबा जाऊन चार वर्षं झाली, पण तिनं ते काढलेलं नाही, आम्हीही कधी म्हटलं नाही. दोन पदरी, मोठ्या वाट्यांचं. काढ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बांगड्या ती घरी ठेवायला तयार आहे.

सुनंदा_काकू

मृदुला, नको म्हणूस काढायला. मी आठवडाभर विचार करत होते लिहावं की नाही.

माझी सून इथे आहे, मी दरवर्षी सहा महिने येते. मीही पहिल्या वर्षी हाच हट्ट धरला होता. आम्ही असं केलं: तेच मंगळसूत्र, पण वर बंद गळ्याचा कुर्ता आणि त्यावर पातळ जाकीट. तळ्यावरचा वारा जूनमध्येही गार असतो, त्यामुळे जाकीट घालावंच लागतं. बाहेरून काही दिसत नाही. गाडीत बसताना ओढणी किंवा स्कार्फ. इथे भारतीय घरांत सोनं असतं हे चोरांना माहीत झालंय, उपनगरांत तशा चोऱ्या झाल्या आहेत. म्हणून दिसू द्यायचं नाही, एवढंच पथ्य. आईला सांग, काकूंनी असं सांगितलंय. माझं ऐकेल ती.

डॉ_मृ

आईंच्या वयाकडे बघून लिहिते. चोरापेक्षा आजारपणाचा विचार जास्त करा.

प्रवासाचा वैद्यकीय विमा घ्याच, आणि घेताना "आधीपासूनच्या आजाराची अचानक तीव्रता" त्यात धरली आहे का ते वाचा. बीपी हा आधीपासूनचा आजार आहे. स्वस्त पॉलिसीत बहुधा तोच वगळलेला असतो. माझ्या सासऱ्यांना एका रात्री छातीत धडधडलं म्हणून इमर्जन्सीत नेलं. सुदैवानं काही निघालं नाही, पण सहा तासांचं बिल बघून आम्ही सुन्न झालो. विमा होता म्हणून निभावलं.

साधा ताप, पोट बिघडणं, पाय मुरगळणं यासाठी इमर्जन्सी नाही, "अर्जंट केअर" शोधा. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, श्वास लागणं यात मात्र पैशांचा विचार न करता ९११. पत्ता सांगता आला नाही तर जवळच्या चौकातल्या दोन रस्त्यांची नावं सांगा, या शहरात ते पुरतं. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि पाचऐवजी दहा दिवसांच्या. हातातल्या सामानात.

मुलाला घेऊन जाणाऱ्या तरुण पालकांसाठी आणि इथे येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक. इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०२० पासून गांजा २१ वर्षांवरच्यांना कायदेशीर आहे. रस्त्यांत त्याचा वास येईल, दुकानं दिसतील. पण केंद्राच्या कायद्यात तो अजून गुन्हाच आहे आणि व्हिसावर आलेल्या माणसाला त्यावरून पुढे इमिग्रेशनमध्ये अडचण येऊ शकते. गमतीनंही दुकानात शिरू नका.

प्रभाकर_देव

सुरक्षेचं पुष्कळ झालं. आता बघायचं काय ते मी सांगतो. मी या शहराच्या प्रेमात आहे आणि १९९१ पासून आहे.

आईंपासून सुरुवात. धर्मपरिषद ११ सप्टेंबर १८९३ ला सुरू झाली ती मिशिगन अव्हेन्यूवरच्या इमारतीत, तीच आजची आर्ट इन्स्टिट्यूट. इमारत तेव्हा नवी कोरी होती, म्युझियम अजून सुरू व्हायचं होतं. ज्या तात्पुरत्या सभागृहात भाषण झालं ते आज नाही. आईंना हे आधी सांगा, म्हणजे तिथे जाऊन शोधाशोध होणार नाही. बाहेर रस्त्यावर स्वामींच्या नावाची तपकिरी पाटी आहे. दारात दोन हिरवट काशाचे सिंह आहेत, त्यांच्यापाशी भेटायचं ठरवा, चुकामूक होत नाही. आठवड्यातले काही दिवस म्युझियम बंद असतं, वार बघूनच बेत करा.

आत शिरलात की भव्य जिना लागतो. २०१० साली ११ सप्टेंबरलाच मुंबईच्या जितीश कल्लाटनं त्या जिन्याच्या पायऱ्यांवर स्वामींच्या भाषणाचे शब्द दिव्यांनी उजळवले होते. रंग घेतले होते अमेरिकन सरकारच्या दहशतवादाच्या इशाऱ्याचे पाच रंग. एकच तारीख, १८९३ आणि २००१. मी तेव्हा पायरी-पायरीवर थांबून वाचत वर गेलो होतो. जिना आजही तोच आहे.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांना सहसा ठाऊक नसते. त्या परिषदेत मुंबईच्या प्रार्थना समाजाचे बी. बी. नगरकरही बोलले होते. जैन धर्माच्या वतीनं वीरचंद गांधी होते. त्या व्यासपीठावर हिंदुस्थानातून आलेले स्वामी एकटे नव्हते.

तिथून पाच मिनिटांवर मिलेनियम पार्क. तो चकचकीत "बीन", खरं नाव क्लाउड गेट, अनिश कपूरचा. त्यांचा जन्म मुंबईचा, १९५४ चा. स्टीलचे १६८ पत्रे जोडलेत, सांधा दिसत नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी शेजारच्या मंचावर फुकट संगीत असतं, गवतावर सतरंजी टाकून ऐका. बॅग तपासतात, तपासू द्या. शनिवार-रविवारच्या रात्री तिथे कधीकधी पोरांचे मोठे जमाव होतात, धावपळ दिसली तर बघत न थांबता बाहेर पडा.

नदीतून नावेची सफर, स्थापत्यकलेची. दीड तास. पैसे जातील, जाऊ द्या. १८७१ च्या आगीत शहराचं काळीज जळून गेलं आणि त्यानंतर इथे गगनचुंबी इमारत जन्माला आली, ती सगळी गोष्ट बसल्या जागी ऐकायला मिळते. आईंच्या गुडघ्यांना हेच उत्तम. निवेदक सांगतीलच, पण मुलाला आधी सांगून ठेवा की ही नदी १९०० साली उलटी वाहायला लावली आहे. शहराची घाण तळ्यात, म्हणजे पिण्याच्या पाण्यात जात होती, म्हणून कालवा खणून प्रवाहच फिरवला.

उंचावरून बघायला दोन जागा. विलिस टॉवरचा १०३ वा मजला, तिथे काचेच्या खोक्यात उभं राहतात. किंवा जुना हॅन्कॉक, ९४ वा मजला. माझी पसंती हॅन्कॉकला, तळं जवळून दिसतं. दोन्ही इमारतींचा सांगाडा रचणारे फझलुर खान ढाक्याचे. दोन्हीकडे जाऊ नका, एक पुरे.

डायनोसॉर "सू" फील्ड म्युझियममध्ये, तुमच्या हॉटेलपासून जवळ. तिथून संध्याकाळी ॲडलर तारांगणाच्या टोकापर्यंत जा, आत नाही गेलात तरी चालेल. मागे वळून बघा. सगळं शहर पाण्यावर ठेवल्यासारखं दिसतं.

फुकटात: लिंकन पार्कचं प्राणिसंग्रहालय, आणि कल्चरल सेंटरचा टिफनी काचेचा घुमट. १८९७ ची इमारत, पूर्वी शहराचं वाचनालय. पावसात अडकलात तर तिथेच शिरा.

जेवणाचं इतरांनी सांगावं. डीप डिश पिझ्झा भाजायला पाऊण तास लागतो, भूक लागायच्या आधी ऑर्डर द्या, एवढंच मी सांगेन.

विनया_नेपरव्हिल

प्रभाकरराव, तुमचं वाचून मलाच पुन्हा एकदा जावंसं वाटलं. ऋत्विज, यूट्यूबचं वाक्य मागे घेते. माझी मुलं लहान असताना आम्ही त्या म्युझियमला तीनदा गेलो होतो, ते विसरलेच होते.

जेवणाचं: आई शाकाहारी असतील तर एक दिवस डेव्हन अव्हेन्यू, भारतीय दुकानांचा रस्ता. पटेल ब्रदर्स या किराणा दुकानांच्या साखळीचं पहिलं दुकान १९७४ साली तिथेच निघालं. रस्त्याच्या एका तुकड्याला गांधींचं नाव, दुसऱ्याला जिनांचं. वरण-भात नाही, पण गरम फुलके आणि डाळ मिळते, तिसऱ्या दिवशी त्याचीच आठवण होते. रेड लाइननं मोर्स स्टेशन आणि पुढे १५५ ची बस, नाहीतर टॅक्सी. स्वतःची गाडी असेल तर पार्किंगच्या पाट्या दोनदा वाचा. आणि गाडीत बॅग दिसेल अशी ठेवू नका, रिकामी पिशवीसुद्धा नको.

अनिल_ओकपार्क

तळ्याबद्दल कोणी बोललं नाही. मला वाटतं मुलाच्या दृष्टीनं तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

लेक मिशिगनला तळं म्हणतो म्हणून फसू नका. त्याचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळजवळ एक पंचमांश आहे. लाटा येतात, ओढ असते, आणि जूनमध्ये पाणी इतकं गार असतं की अंगातला जीव आखडतो. दर उन्हाळ्यात इथे माणसं बुडतात, त्यात पोहता येणारेही असतात. जीवरक्षक आहेत अशाच किनाऱ्यावर, म्हणजे ओक स्ट्रीट किंवा ओहायो स्ट्रीट बीच, आणि तेही झेंड्याचा रंग बघून. लाल असेल तर पाय भिजवायलाही नको. काँक्रीटच्या कठड्यावरून उड्या मारणारी मुलं दिसतील, तुमच्या मुलाला त्यांच्याजवळ जाऊ देऊ नका. धक्क्याच्या भिंतीलगत पाण्याची ओढ सगळ्यात वाईट असते.

दुसरं, भोंगा. वादळाचा इशारा देणारे भोंगे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला चाचणीसाठी वाजतात. तुम्ही दुसऱ्या आठवड्यात आहात, म्हणजे वाजला तर तो खरा समजा. काचांपासून लांब, इमारतीच्या आत, खालच्या मजल्यावर.

गारफिल्ड पार्कची वनस्पतीशाळा मात्र बघा, १९०८ ची आहे, नेच्याचं दालन अप्रतिम. ग्रीन लाइनचं स्टेशन तिच्या दाराशीच आहे. राहू नका म्हटलं होतं, दिवसा जाऊ नका असं म्हटलं नव्हतं.

संघर्ष_नांदेड

अनिलजी, हे शेवटचं लिहिलंत, बरं वाटलं. धाग्यावर वेस्ट साइडचं, म्हणजे गारफिल्ड पार्कच्या बाजूचं, नाव फक्त भीतीसाठी येत होतं म्हणून मी लिहायला बसलो होतो.

मी मागच्या वर्षी गेलो होतो ते दोन ठिकाणांसाठी. पहिलं, हेमार्केट. डेसप्लेन्स रस्त्यावर एक स्मारक आहे. आठ तासांच्या दिवसासाठी १ मे १८८६ ला संप झाला, ४ मेच्या सभेत बाँब फुटला आणि पुढे कामगार पुढाऱ्यांना फाशी झाली. आपण १ मेला ज्याची सुट्टी घेतो तो कामगार दिन इथला आहे. लूपपासून चालत जाता येतं, कोणी पर्यटक नसतो.

दुसरं, वेस्ट साइडला मन्रो रस्ता. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर संघटनेचा फ्रेड हॅम्प्टन तिथल्या घरात पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. वय २१. त्यानंतर तीनच वर्षांनी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव त्यांच्यावरूनच घेतलं. माझे वडील त्या चळवळीत होते, त्यांच्यासाठी मी गेलो. दुपारी, एका ओळखीच्या माणसाबरोबर. एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, कुणाला शोधताय? सांगितल्यावर ती स्वतः आमच्याबरोबर चालत आली.

या वस्त्या अशा का झाल्या हेही माहीत असावं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून आलेल्या काळ्या कुटुंबांना शहराच्या इतर भागांत घरं विकतच नसत, बँका त्यांच्या वस्त्यांना कर्ज देत नसत. १९६६ साली मार्टिन ल्यूथर किंग मुद्दाम वेस्ट साइडला भाड्याच्या खोलीत येऊन राहिले होते ते त्यासाठीच. गावकुसाबाहेरची वस्ती म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. मृदुलाताई, तुम्ही आईंना घेऊन तिथे राहू नका हे मलाही पटतं. भीती बाळगा, पण ती कशातून आली तेही ठाऊक असू द्या.

मृदुला_नाशिक

परत आलो! उशीर झाला, घरी आल्यावर आठ दिवस कपडे धुण्यातच गेले.

सगळे सुखरूप. लोकलमध्ये सहा वेळा बसलो, पहिल्या डब्यात. एकदा एक माणूस स्वतःशीच मोठ्यानं ओरडायला लागला. पुढच्या स्टेशनवर उतरलो, शेजारच्या डब्यात चढलो. आईनं मुलाचा हात घट्ट धरला होता, मुलगा म्हणाला, "आजी, ऋत्विजदादानं लिहिलं होतं तसंच झालं." बस, एवढंच.

पाणबुडीत मुलगा बाहेर यायला तयार नव्हता. "सू" डायनोसॉरपाशी त्यानं तासभर चित्र काढलं.

आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये व्हीलचेअर फुकट मिळते, हे पुढच्यांसाठी लिहून ठेवते. आईनं घेतली, पण जिन्यापाशी आल्यावर उठली. लिफ्ट होती, नको म्हणाली. कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर गेली. मी प्रभाकररावांचा मजकूर फोनवरून तिला वाचून दाखवत होते. वर पोचल्यावर तिनं विचारलं, "नगरकर कुठले म्हणालीस?" मी म्हटलं, मुंबईचे. म्हणाली, "त्यांचं भाषण मिळालं तर मला वाचायचंय."

मंगळसूत्र काकूंच्या म्हणण्याप्रमाणे. वारा इतका होता की जाकीट तिनं स्वतःहूनच काढलं नाही.

एकच फजिती. नावेतून उतरल्यावर वॅकर ड्राइव्हवर टॅक्सी बोलावली. फोनवर गाडी आमच्याच जागी उभी दिसत होती, समोर मात्र काही नाही. वीस मिनिटं आई उन्हात उभी. नंतर कळलं की रस्ता दोन मजली आहे आणि तो खालच्या मजल्यावर वाट बघत होता.

अनिल_ओकपार्क

अरेरे, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. वॅकर ड्राइव्ह १९२६ पासून दोन मजली आहे आणि खाली गेलं की फोनचा नकाशाही भरकटतो. पुढच्यांनी टॅक्सी वॅकरवर बोलावूच नये. नदीपासून एक चौक आत, लेक स्ट्रीटवर यावं आणि एखाद्या दुकानाच्या दारासमोरचा पत्ता टाकावा.

प्रभाकर_देव

मृदुला, परिषदेतली भाषणं तेव्हाच दोन जाड खंडांत छापली गेली होती. नगरकरांचं त्यात आहे, इंग्रजीत. आईंना इंग्रजी वाचायला जड जात असेल तर कळवा, मी मराठीत करून इथेच टाकतो.

मृदुला_नाशिक

जड जातं. टाका. मी मोठ्या अक्षरात छापून देते तिला.